दरसालची नादारी

दानाचे प्रकार सांगावयाचे तर कितीहि सांगतां येतील. परंतु प्रस्तुत विषयापुरता एकच भेद लक्षांत घेतला म्हणजे पुरे. कांहीं दानें दिल्याबरोबर पुरीं होतात. भुकेल्याला भाकर दिली, थंडीनें कुडकुडणाऱ्याला घोंगडी दिली, कीं देणारा आपल्या वाटेनें जावयास मोकळा झाला. दुसऱ्या दिवशीं त्यानें भाकर दिली नाहीं, तरी कालची भाकर व्यर्थ गेली असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु कांहीं दानें अशीं असतात कीं, तीं मध्येंच थांबलीं तर पूर्वीं दिलेलेंहि वायां जातें. आडसाली उसाला अठरा महिने पाणी लागतें. पाटाच्या पाण्याची पाळी दहाव्या महिन्यांत बंद केली तर दहा महिन्यांच्या हिशेबानें पीक पदरांत पडत नाहीं. पडतें तें केवळ जळण. शिक्षणाला केलेली मदत ही या दुसऱ्या जातीची आहे. आणि तरीहि ती पहिल्या जातीची असल्याप्रमाणें आपण वर्षावर्षाला तोडून देतों. या विसंगतीचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गरीब विद्यार्थ्याला शाळेची फी माफ करण्याच्या प्रथेला आपल्याकडे 'नादारी' असें नांव होतें व जुन्या घरांत तें अद्यापहि ऐकूं येतें. नादार म्हणजे ज्याच्याजवळ कांहीं नाहीं तो. कोणाला पूर्ण नादारी मिळे, कोणाला अर्धी. आतां नांवें बदललीं. कोठें 'फी-सवलत' म्हणतात, कोठें 'शिष्यवृत्ति', कोठें 'दत्तक-पालक योजना'. परंतु रीत बहुधा तीच आहे. नवें वर्ष जवळ आलें कीं पालकानें अर्ज भरावा, तहसीलदार कचेरींतून उत्पन्नाचा दाखला आणावा, गेल्या परीक्षेचें प्रगतिपुस्तक जोडावें, आणि समितीपुढें आपली परिस्थिति पुन्हा एकदां मांडावी. हा प्रकार आपल्याच देशांत आहे असेंहि नव्हे. अमेरिकेंतील अनेक खाजगी शाळांत मदत घेणाऱ्या कुटुंबाला दरसाल प्राप्तिकराचीं कागदपत्रें, शिलकी, घराची किंमत, दुसऱ्या मुलांच्या फीचा भार, हें सर्व नव्यानें कळवावें लागतें, आणि त्यावरून त्या वर्षापुरता आकडा ठरतो. म्हणजे खाजगी शाळा जेथें आहे आणि तिच्या दाराशीं गरिबाचें मूल जेथें आहे, तेथें हा प्रश्न आहेच.

एका खाजगी शाळेच्या अशा समितींत कांहीं वर्षें बसण्याचा योग मला आला होता. त्या वेळची एक गोष्ट येथें सांगणें अवश्य वाटतें. कारण पुढील सर्व विचार तिच्यामुळेंच सुचला आहे. सातवीत जाणाऱ्या एका मुलीला तीन वर्षें पूर्ण माफी मिळत होती. चौथ्या वर्षींच्या अर्जांत तिच्या आईनें एक नवी ओळ लिहिली होती. तिनें हप्त्यावर शिवणयंत्र घेतलें होतें, आणि त्यावर शेजारच्या बायकांचे कपडे शिवून तिला जें कांहीं मिळे तें तिनें 'इतर उत्पन्न' या रकान्यांत प्रामाणिकपणें भरलें होतें. तें न भरतें तर आम्हांला कधींहि कळलें नसतें. त्या ओळीमुळें कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आमच्या नियमांतील मर्यादेच्या चार हजार रुपये वर गेलें. शाळेची वर्षाची फी अठरा हजार होती. नियम स्पष्ट होता. आम्ही पांच जण होतों. पांचांनींहि हात वर केले. त्यांत माझा हात होता. सवलत बंद झाली. जूनच्या अखेरीस ती मुलगी शाळेचा दाखला घेऊन गेली. पुढें तिचें काय झालें हें मला ठाऊक नाहीं, कारण आम्हां पांचांपैकीं कोणींहि चौकशी केली नाहीं.

ही गोष्ट सांगून नियम करणारे निर्दय होते असें सुचविणें सोपें आहे. परंतु तें खरें होणार नाहीं. त्याच वर्षीं ती अठरा हजारांची रक्कम आम्हीं दुसऱ्या एका मुलाला दिली. त्याचा बाप त्या उन्हाळ्यांत वारला होता. त्या मुलाला नकार द्यावयास हवा होता काय? हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढें जाणें म्हणजे लेखणीच्या सोयीनें न्याय करणें होय.

समितीच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें प्रथम म्हटलें पाहिजे, आणि तें थोडें नाहीं. पहिली गोष्ट, समितीचा पैसा समितीचा नसतो. कोणा दात्यानें तो गरिबांसाठीं ठेवलेला असतो, आणि विश्वस्तानें परक्याच्या पैशाचें औदार्य करूं नये. दुसरी गोष्ट, परिस्थिति बदलते. ज्याची नोकरी गेली होती त्याला ती पुन्हा मिळते, ज्याचें कर्ज होतें त्याचें तें फिटतें. अशा वेळीं जुनी मदत चालूं ठेवणें म्हणजे गरज सरल्यावरहि औषध पाजीत राहण्यासारखें आहे. तिसरी गोष्ट, चौकशी नसेल तर लबाडीला वाव मिळतो, आणि एका लबाडाचा भुर्दंड दहा खऱ्या गरिबांना बसतो. आणि चौथी, सर्वांत वजनदार गोष्ट अशी कीं, दाराबाहेर दुसरें मूल उभें असतें. आंतल्या मुलाला दिलेला प्रत्येक रुपया त्या बाहेरच्या मुलाला नाकारलेला असतो. दरसालचा विचार म्हणजे त्या बाहेरच्या मुलाचा दरसाल घेतलेला कैवार होय.

या चारही मुद्द्यांत तथ्य आहे. परंतु चारहि मुद्द्यांनीं मिळून एक गोष्ट न बोलतां गृहीत धरली आहे, ती ही कीं, यंदाची मदत ही गेल्या सालच्या मदतीहून निराळी, स्वतंत्र वस्तु आहे. हिशेबाच्या वहींत ती तशी असतेच. मार्चअखेर खातें बंद होतें, एप्रिलमध्यें नवें पान उघडतें. परंतु आर्थिक वर्ष हें वहीचें आहे, मुलाचें नाहीं. मुलाच्या आयुष्यांत पांचवी, सहावी आणि सातवी हीं तीन स्वतंत्र दानें नसतात. तो एकच प्रवास असतो. त्या शाळेंत मूल येतें तें केवळ गणित आणि भूगोल शिकावयास येत नाहीं. तें तेथील भाषा उचलतें, मित्र जोडतें, एखाद्या शिक्षकाच्या नजरेंत भरतें, आपण कोण होऊं शकूं याची एक कल्पना बांधतें. मदत बंद झाली म्हणजे पुढच्या वर्षाचें शिक्षण तर जातेंच, पण मागच्या वर्षांचा अर्थहि बदलतो. ज्याला कधींच प्रवेश मिळाला नाहीं त्यानें एक संधि गमावली. ज्याला देऊन काढून घेतलें त्यानें संधि तर गमावलीच, शिवाय आपण जेथें होतों तेथें आपण खरे नव्हतोंच, असा एक कायमचा संशय तो बरोबर नेतो.

दरसालच्या परीक्षेचा दुसरा परिणाम आईबापांवर होतो. दारिद्र्य ही ज्या व्यवहारांत पात्रता ठरते त्यांत सुधारणा हा अपराध ठरतो. त्या आईनें शिवणयंत्र घेतलें नसतें तर तिची मुलगी शाळेंत राहिली असती. घेऊन लपविलें असतें तरी राहिली असती. उद्योग आणि प्रामाणिकपणा या दोन गुणांपैकीं एक जरी तिच्या अंगीं कमी असता, तरी आमच्या नियमानें तिला बक्षीस दिलें असतें. शाळेच्या भिंतीवर आम्हीं हेच दोन गुण सुभाषितांत लिहून लावले होते, हें आतां आठवलें म्हणजे मान खालीं जाते.

तिसरा परिणाम मुलावर होतो, आणि तो सर्वांत कमी दिसतो. बहुतेक ठिकाणीं मदत चालूं राहण्याला उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर गुणांचीहि अट असते. विशिष्ट टक्क्यांच्या खालीं गेलें कीं सवलत जाते. अभ्यासाला प्रोत्साहन मिळावें हा तिचा हेतु. परंतु त्याच वर्गांत फी भरणारी मुलें बसलेलीं असतात. त्यांच्यापैकीं एखादें पन्नास टक्क्यांवर आलें तर बाप रागावतो, शिकवणी लावतो, आणि वर्ष सुरू होतें. गोवर, आजीचा मृत्यु, पौगंडावस्थेंतील भलतेंच वेड, यांपैकीं कशामुळेंहि एखादें वर्ष वाईट जाण्याची सवड त्या मुलांना आहे. नादार मुलाला ती नाहीं. श्रीमंताच्या मुलाला सामान्य असण्याचा जो हक्क आहे तो गरिबाच्या मुलाला नाकारून आपण त्याला हुशार करतों असें आपणांस वाटतें. पुष्कळदां आपण त्याला फक्त भित्रा करतों.

आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाहीं. शहरांत शिकावयास आलेला गरीब मुलगा वार लावून जेवत असे, म्हणजे सात घरीं सात दिवस. माधुकरीवर शिकलेल्यांच्या आठवणी अनेक घरांत सांगितल्या जातात, आणि त्यांत कृतज्ञतेइतकाच सलहि असतो. त्या पद्धतीचें उदात्तीकरण करूं नये. तिचीं दारें जातीनें बांधलेलीं होतीं, आणि ज्यांना शिक्षणाची सर्वांत अधिक गरज होती त्यांच्यासाठीं तीं उघडत नव्हतीं. परंतु तिच्यांत एक शहाणपण अभावितपणें होतें. आधार सात ठिकाणीं वांटलेला असल्यामुळें एक वार तुटला तरी सहा राहत, आणि मुलगा सातवा शोधी. एका हातानें एका दिवशीं त्याचें सर्व शिक्षण बंद करण्याची सत्ता कोणाजवळहि नव्हती. आजच्या समितीजवळ ती आहे.

जेथें तीं दारें उघडत नव्हतीं तेथें दुसरे मार्ग निघाले. कोल्हापुरास शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढविलीं. भाऊराव पाटलांनीं १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ मध्यें साताऱ्यास सर्व जातींचीं मुलें एकत्र राहतील असें वसतिगृह सुरू केलें. तेथें मुलांनीं स्वतः श्रम करून आपल्या शिक्षणाचा भार उचलावा अशी योजना होती. 'कमवा आणि शिका' या कल्पनेचें कौतुक आपण स्वावलंबनाच्या दृष्टीनें करतों, आणि तें योग्यच आहे. पण तिच्यांत आणखी एक मर्म आहे. तेथें मुलाला शाळेंत आपली जागा दरसाल आपलें दारिद्र्य दाखवून मिळवावी लागत नसे. ती तो आपल्या हातांनीं मिळवी. घामाचा दाखला कचेरींतून आणावा लागत नाहीं.

मदतीची मुदत संपणें म्हणजे काय, याचें महाराष्ट्राला सर्वांत परिचित असें उदाहरण डॉ. आंबेडकरांचें आहे. १९१३ मध्यें बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. शिष्यवृत्ति दरमहा साडेअकरा पौंडांची व तीन वर्षांची होती. १९१६ मध्यें ते लंडनला गेले आणि तेथें त्यांनीं अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास आरंभिला. परंतु मुदत संपल्यामुळें १९१७ मध्यें अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परत यावें लागलें. पुढें प्राध्यापकी करून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत व मित्राकडून उसने पैसे घेऊन, १९२० मध्यें ते पुन्हा लंडनला जाऊं शकले, आणि १९२३ मध्यें त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली. सयाजीरावांचें औदार्य निर्विवाद आहे. त्यांनीं हात दिला नसता तर पुढचें कांहींच झालें नसतें. परंतु ज्याची बुद्धि इतकी असामान्य होती त्याचीहि तीन वर्षें मुदतीच्या अटीनें खाल्लीं. मग जो बुद्धीनें चारचौघांसारखा आहे, ज्याला दुसऱ्यांदा लंडनला नेणारी जिद्द नाहीं, त्याची काय कथा? मदतीची योजना असामान्यांच्या भरंवशावर आंखूं नये. असामान्य माणूस वाईट योजनेंतूनहि वाट काढतो, आणि मग त्याचेंच उदाहरण देऊन आपण ती योजना चांगली ठरवितों.

देणारा जेव्हां एक व्यक्ति किंवा समिति नसून राज्यच असतें, तेव्हां हा प्रश्न अधिक उघडा पडतो. इंग्लंडमध्यें १९८० च्या कायद्यानें एक योजना निघाली. हुशार परंतु गरीब मुलांना निवडक खाजगी शाळांत घ्यावयाचें, आणि आईबापांच्या उत्पन्नाच्या मानानें त्यांची फी अंशतः किंवा पूर्णपणें सरकारनें भरावयाची. उत्पन्नाचा हिशेब दरसाल होई. १९८१ पासून १९९७ पर्यंत सुमारें ८०,००० मुलांनीं या योजनेचा लाभ घेतला. १९९७ च्या मे महिन्यांत मजूरपक्ष अधिकारावर आला. हा पैसा थोड्यांच्या खाजगी शाळांवर न खर्चतां सरकारी शाळांतील लहान मुलांचे वर्ग आटोपशीर करण्यासाठीं वापरावा, असें त्याचें मत होतें, आणि त्याच वर्षीं कायदा करून त्यानें योजना बंद केली. हें मत चुकीचें होतें असें मी म्हणणार नाहीं. बाहेरच्या मुलांचा कैवार तो हाच. पण आंत असलेल्या मुलांचें काय करावयाचें? माध्यमिक वर्गांतील मुलांना शालेय शिक्षण संपेपर्यंत मदत चालूं ठेवली गेली. प्राथमिक वर्गांतील मुलांना मात्र सामान्यतः प्राथमिक टप्पा संपेपर्यंतच.

आतां कांहीं शाळा अशा होत्या कीं, त्यांत मूल पांचव्या-सहाव्या वर्षीं जाई तें अठराव्या वर्षीं बाहेर पडे. अशा शाळेंतील एका लहान मुलीच्या वतीनें न्यायालयांत दाद मागण्यांत आली. निवडणुकीपूर्वीं त्या पक्षाच्या पुढाऱ्यांनीं, ज्या मुलांना जागा मिळाल्या आहेत त्यांच्या जागा जाणार नाहींत, असा दिलासा दिला होता. त्यावर विसंबून आम्हीं मुलीला तेथें ठेवलें, असें कुटुंबाचें म्हणणें. १९९९ मध्यें अपील न्यायालयानें तें फेटाळलें. विरोधी पक्षांत असतांना दिलेलें वचन पुढें सरकारला कायद्यानें बांधीत नाहीं, आणि कायद्याच्या शब्दांविरुद्ध जाऊन तें पाळावयास न्यायालय सांगूं शकत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. कायदा म्हणून हा निकाल बिनचूक असेल. परंतु न्यायालयानें सोडविलेला प्रश्न आणि त्या मुलीचा प्रश्न हे दोन निराळे होते. 'वचन बांधतें काय' हा कायद्याचा प्रश्न. 'ज्यावर मुलानें आपलें आयुष्य उभें केलें त्याला वचन म्हणावें कीं नाहीं' हा नीतीचा.

आपल्या देशानें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यांत या प्रश्नाचें एक वेगळें उत्तर दिलें आहे, आणि त्याचें महत्त्व आपल्या मध्यमवर्गीय चर्चेंत पुरेसें ओळखलें गेलेलें नाहीं. त्या कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणें विनाअनुदानित खाजगी शाळांनीं पहिलीच्या वर्गांत किमान २५ टक्के जागा परिसरांतील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांना द्याव्या, आणि त्यांचें प्राथमिक शिक्षण पुरें होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, तें मोफत द्यावें. शाळेच्या खर्चाची भरपाई ठरीव दरानें सरकारनें करावी. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ मध्यें ही तरतूद ग्राह्य ठरविली. आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीनें तिच्यांतील मुख्य शब्द 'पुरें होईपर्यंत' हे आहेत. महाराष्ट्रांत दुर्बल घटकासाठीं वार्षिक एक लाख रुपयांची उत्पन्नमर्यादा आहे. पण ती दारावरची मर्यादा आहे. दार ओलांडल्यावर मुलाचा हक्क आठवीपर्यंत त्याच्याबरोबर चालतो. मधल्या काळांत त्याच्या आईनें शिवणयंत्र घेतलें तर कायदा तिला दंड करीत नाहीं.

हें उत्तर निर्दोष आहे असें नव्हे. सरकारची भरपाई वेळेवर मिळत नाहीं अशी तक्रार शाळा करतात. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना या बंधनांतून सूट देणारा बदल महाराष्ट्र सरकारनें २०२४ च्या फेब्रुवारींत नियमांत केला होता. तो मुंबई उच्च न्यायालयानें त्याच वर्षीं जुलैमध्यें रद्द केला. आणि सर्वांत मोठा दोष आठवीच्या शेवटीं आहे. चौदाव्या वर्षीं, दहावीला दोन पावलें राहिलीं असतांना, हक्क संपतो, आणि मूल पुन्हा शाळेच्या मर्जीवर येतें. ज्या कायद्यानें दरसालची टांगती तलवार काढली त्यानें ती आठ वर्षांनंतरच्या एका दिवसावर नेऊन टांगली. तरीहि तत्त्व म्हणून त्यानें एक गोष्ट मान्य केली: मुलाला शाळेंत घेणें ही एका वर्षाची क्रिया नव्हे.

येथें आपण मूळ प्रश्नापाशीं येतों. शिक्षणाची मदत हें दान आहे कीं वचन? आपल्या धर्मशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नव्हता. दिलेलें परत घेणें किंवा देऊं केलेलें न देणें या विषयाला मनूनें आणि नारदानें व्यवहाराच्या अठरा पदांत स्वतंत्र स्थान दिलें आहे, आणि नारदानें तर काय देतां येतें, काय देतां येत नाहीं, कोणतें दान पक्कें आणि कोणतें कच्चें, याची वर्गवारी केली आहे. दान म्हणजे देणाऱ्याच्या लहरीचा खेळ नव्हे, त्यांतून बंधन उत्पन्न होतें, हें त्या वर्गवारीमागचें भान आहे. गीतेंतील सात्त्विक दानाच्या लक्षणांत देश, काल आणि पात्र हे तिन्ही शब्द येतात. आमच्या समित्या पात्राचा विचार दरसाल करतात. कालाचा करीत नाहींत. योग्य काळीं देणें म्हणजे केवळ गरजेच्या क्षणीं देणें नव्हे. ज्या कार्यासाठीं द्यावयाचें त्या कार्याला जेवढा काळ लागतो तेवढा काळ देणें, हाहि त्याचाच अर्थ आहे.

आणि हें वचन कोणाला दिलेलें असतें? येथेंच आमची सर्वांत मोठी चूक होते. अर्ज बाप करतो, उत्पन्न आईचें मोजलें जातें, म्हणून करार त्यांच्याशीं आहे असें आपण समजतों, आणि त्यांची परिस्थिति बदलली कीं करारहि बदलला असें मानतों. पण शाळेंत बापाचें नांव नोंदलेलें नसतें. वचन मुलाला दिलेलें असतें, आणि मुलाची गरज, म्हणजे सुरू केलेलें शिकणें पुरें करण्याची गरज, आईच्या चार हजार रुपयांनीं बदलत नाहीं.

मग दाराबाहेरच्या त्या बाप वारलेल्या मुलाचें काय? त्याला विसरून दिलेलें कोणतेंहि उत्तर खोटें आहे. मी पुष्कळ दिवस विचार करून एवढ्यावर आलों आहें कीं, त्या मुलाचा हक्क खरा आहे, पण तो आंतल्या मुलीवरचा हक्क नव्हे. तो आमच्यावरचा हक्क आहे. आम्हीं तो तिच्याकडून वसूल केला, कारण तें सोपें होतें. नवा दाता शोधणें, फी भरणाऱ्या पालकांकडून थोडें अधिक मागणें, गॅदरिंगच्या मंडपाचा खर्च कमी करणें, हे सर्व मार्ग कष्टाचे होते. एका गरिबाची जागा दुसऱ्या गरिबाला देऊन आम्हीं न्याय केल्याचें समाधान मिळविलें, आणि श्रीमंताच्या खुर्चीला धक्काहि लागला नाहीं.

यांतून व्यवहाराचे जे नियम निघतात ते साधे आहेत. ज्या दिवशीं मुलाला आंत घ्यावयाचें त्या दिवशींच त्याच्या पुऱ्या टप्प्याचा पैसा बाजूला काढावा; दहा मुलांना एक वर्ष देण्यापेक्षां दोघांना पांच वर्षें द्यावीं. हें कठोर आहे, कारण आठ मुलांना पहिल्याच दिवशीं नकार ऐकावा लागेल. पण तो नकार उंबरठ्यावरचा असेल, घरांतून बाहेर काढण्याचा नसेल. उत्पन्न बदललें तर दरसाल विचारावयास हरकत नाहीं, परंतु त्या विचारण्यानें रकमेचा वाटा ठरावा, मुलाची जागा नव्हे. चार हजार वाढले तर त्यांतला कांहीं भाग मागावा, अठरा हजार नव्हे. गुणांची अट असलीच तर ती फी भरणाऱ्या मुलाला लागते तेवढीच असावी. आणि ज्या आईनें न विचारतां खरें लिहिलें तिच्या अर्जाकडे समितीनें संशयानें नव्हे, आदरानें पाहावें.

हे नियम पाळले तर कोणाचाहि पैसा बुडणार नाहीं. फक्त एक गोष्ट देणाऱ्याच्या हातून जाईल: दरसाल जून महिन्यांत, एखादें मूल राहील कीं जाईल हें ठरविण्याची सत्ता. ती सोडणें जड जातें हें मी अनुभवानें सांगतों. कारण दानाचें सुख पुष्कळदां त्या सत्तेंतच असतें. त्या समितींत मी पुढें आणखी दोन वर्षें बसलों. नियम बदलावा अशी सूचना मीं शेवटच्या वर्षीं मांडली, आणि ती एका मतानें पडली. शिवणयंत्राची ती ओळ मात्र अजून डोळ्यांपुढें आहे. अक्षर चांगलें होतें, आणि रकमेच्या पुढें, खाडाखोड होऊं नये म्हणून, तिनें 'मात्र' असा शब्द लिहिला होता.